माणूसपण : उणे सात

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, बितॉममध्ये,
एवाल्डच्या आईच्या स्वयंपाकघरात
आम्ही चौघांनी एक शहर रचलं.
टाइपरायटर मागून आणलेला,
त्याचं एक अक्षर तुटकं,
म्हणून शहरातल्या सगळ्या गल्ल्यांची नावं
ते अक्षर चुकवून ठेवली.
पुढे लोक विचारायचे, या नावांत एवढं परकं काय आहे?
आम्ही गूढ हसायचो.

साल टाकलं दोन हजार तेवीस.
तेव्हा ते इतकं लांब होतं
की तिथे काहीही ठेवून येता यायचं :
कंपन्यांचे मनोरे, मनोऱ्यांखाली बुजवलेल्या खाणी,
खाणीत चोरून तारा जोडणारी पोरं,
काळ्या बाजारातले डोळे, जोडीनं किंवा सुटे.
आणि कोष्टकं. कोष्टकांशिवाय
आमच्यापैकी कुणालाच झोप लागत नसे.

पान एकशे बारा.
*पोलादी हात, उजवा. किंमत आठशे.
बसवायला एक दुपार.
माणूसपण : उणे सात.*

नियम सोपा होता. अंगात यंत्र शिरलं
की माणूसपण घटायचं,
आणि शून्यावर आलं की तुमचं पात्र
सूत्रधार काढून घ्यायचा.
सातच का? एवाल्ड म्हणाला होता,
आठ जास्त वाटतात.

पहिल्याच रात्री त्यानं तो हात घेतला,
तिसऱ्या रात्री एका मनोऱ्याच्या काचा फोडल्या.
फासा मुठीत धरून फुंकर मारायचा,
उजव्या मुठीत,
आणि कोळशाची बारीक काळी रेघ
नखांत तशीच.

चौघांपैकी एक डॉर्टमुंडला गेला,
एक नुसताच गेला.
दोन हजार चारमध्ये कोळसा वर नेणाऱ्या पट्ट्यानं
एवाल्डचा हात कोपराखाली नेला.

आता क्राकुवचा एक तरुण प्रकाशक म्हणतो,
दुसरी आवृत्ती काढू. जुन्याला भाव आलाय.
बाकी काही नको, फक्त साल
सत्तर वर्षं पुढे ढकला.
ढकलते आहे.
पान एकशे बारापर्यंत आले
आणि पेन्सिल अडली.

समोर एवाल्ड. हात काढून
रेडिएटरवर वाळत ठेवलेला,
घामानं आत ओला होतो म्हणून.
मी विचारलं, किती लिहू?
तो बराच वेळ बशीतली खसखशीची पोळी
डाव्या हातानं मोडत राहिला.

"हात बसवला त्या दिवशी काही गेलं नाही," म्हणाला.
"नर्सनं बटण कसं लावायचं दाखवलं, मी लावलं.
त्याच्या आधी चौदा महिने
खिडक्यांपुढे उभा होतो ना, तिथे गेलं.
एका बाईनं कागदावरून डोळे न उचलता विचारलं,
हात अजून तुटलेलाच आहे का.
दर वर्षी विचारतात.
वाढला असला तर कळवायचं असतं."

मी हातापुढचे सात खोडले.
नवं कोष्टक आखलं : *अर्ज.
दर खिडकीला एक फासा टाका,
पडेल तितकं माणूसपण वजा.*
त्यानं वाचलं, मान डोलावली.
"बसवायला एक दुपार, हे राहू दे," म्हणाला.
"वाचायला बरं वाटतं."

मग मला सुचलं की थोटकावर चढवायचा मोजा
कुठल्याच यादीत नाही.
लोकरीचा, रोज धुवावा लागतो,
लीडका विणते, सहा आहेत, एक उसवलेला.
मी लिहिलं : *मोजा. विक्रीला नाही.
माणूसपण : अधिक एक.*

एवाल्डनं पेन्सिल घेतली
आणि *अधिक एक* वर काट मारली.
डाव्या हाताची काट, तिरकी, कागद फाडणारी.
"खेळ बिघडेल," म्हणाला.
"तुला माहीत नाहीत का खेळणारे?
पोत्यानं मोजे घेऊन फिरतील."