चिठ्ठीशिवाय माप

मेडिकलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे,
जिथे कूलरमध्ये पाणी भरायला कोणी येत नाही,
तिथे माझी खोली.
दारावर पाटी : व्यवसायोपचार.
लोक आत डोकावून विचारतात,
इथे नोकरीचे फॉर्म मिळतात का?

हंसराज पौनीकर, वय अठ्ठावन्न,
जेंट्स टेलर, मस्कासाथ.
दिवाळीच्या घाईत माळ्यावरून अस्तराचा गठ्ठा ओढताना पडले
आणि कमरेखालचं सगळं
दुसऱ्याच कोणाचं होऊन गेलं.
होळीनंतर पुतण्यानं पाठकुळी घेऊन आणलं त्यांना.
मी टेप हातात घेतला
आणि रोज विचारते तेच विचारलं :
चिठ्ठी?

चिठ्ठी नव्हती.
नियम असा, की हाडांचे नाहीतर नसांचे डॉक्टर लिहून देतील,
सही, शिक्का, नोंदणी क्रमांक,
निदान, आणि खुर्ची का हवी त्याचं कारण,
तारीख तीस दिवसांच्या आतली.
त्याआधी मी घेतलेलं माप
हे माप नसतं.
पंधरा वर्षं मी हे वाक्य
माफी मागितल्याच्या आवाजात बोलते आहे,
माफी न मागता.

पुतण्या भडकला. ‘पाय हालत नाही हे तं दिसूनच राहिलं नं जी!
त्याले चिठ्ठी कायले?’
‘गप रे,’ पौनीकर म्हणाले,
‘बिलबुकात नाव चढल्याबिगर
आपुन तरी कैची लावत होतो का?’
मग माझ्या टेपकडे पाहत, हळूच,
‘पण माप तं आपुन आधीच घेत होतो, मॅडम.
मापाचे पैसे नसते.’

युनिट तीनची ओपीडी मंगळवारी.
एका मंगळवारी साहेब परीक्षक म्हणून अमरावतीला,
एका मंगळवारी सुट्टी,
तिसऱ्याला चिठ्ठी मिळाली, दीड ओळीची :
‘व्हीलचेअर. पाहून योग्य ते करावे.’
शिक्का अर्धाच उमटलेला.
मी परत पाठवलं.
मीच.

सहाव्या मंगळवारी आले तेव्हा
चिठ्ठीला टाचणीनं बिलबुकाचं एक पान जोडलेलं.
बैठक सोळा. मांडी साडेअठरा.
गुडघा ते टाच सतरा.
रेघ मारून खाली : घराचं दार चोवीस, मोरीचं एकवीस.
गिऱ्हाईकाचं नाव : स्वतः.
तारीख पहिल्या फेरीच्या रात्रीची.
‘देवकानं टेप धरला, मी सांगत गेलो.
तीस वर्षांत पहिल्यांदा आडवा पडून माप दिलं.’

मी माझा टेप लावला, नियमात बसणारा.
बैठक पंधरा.
पुन्हा लावला.
पंधरा.
तेवढ्या मंगळवारांत एक इंच माणूस
कुठेतरी रांगेत राहून गेला होता.

ते हसले. ‘गिऱ्हाईक उतरलं, मॅडम.
म्हणून तं शिवणीत माया ठेवा लागते.
अंग भरलं का उसवता येते.’

फॉर्मवर मी पंधरा लिहिलं.
मायेला रकाना नाही.
जवळजवळ आठ इंच चाकांचे धरले, म्हणजे तेवीस.
घराच्या दारातून खुर्ची जाईल,
बोटं सांभाळून.
मोरीत नाही.

आता चिठ्ठी नसलेलं कोणी आलं
की दार लोटून घेते, पेन्सिलनं लिहून ठेवते,
ड्रॉवरमध्ये. ते माप नसतं.

उठवायच्या आधी पौनीकरांनी विचारलं,
टोमणा नव्हता त्यात, खरंच माहीत करून घ्यायचं होतं :
‘मोरीच्या दारासाठी कोनाची चिठ्ठी लागन?’
मी म्हटलं, ‘गवंड्याची असेल.’
पुतण्याच्या गळ्यात हात टाकत
ते म्हणाले,
‘मंग त्याचाही मंगळवारच असन.’