डाग

हुपरीची पहिली एस्टी धरून आलो, वहिदा मॅडम.
स्टँडवरनं रिक्षा केली नाही,
शाहूपुरी काय लांब आहे?
ही तिसरी खेप. पिशवीत सगळं आहे:
फायली, दोन सीड्या,
गुजरीत मोडलेल्या डागांची पावती.

मी पैंजणाला घुंगरं लावतो. तीस वर्षं.
कडी उघडायची, घुंगरू अडकवायचं, कडी मिटायची.
चुकीच्या कडीत बसलं
तर शेट पैंजण परत पाठवतो
आणि मी गपगुमान उसवत बसतो.
चिमट्याचं मला कुणी सांगू नये.

पित्ताशयात खडे होते.
चार भोकं, म्हणाले, आठवड्यात कामावर.
चौथ्या दिवशी डोळे पिवळे,
सातव्याला लघवी काळ्या चहागत.
डॉक्टर म्हणाले, उतरंल.
जाऊबाईनं काविळीची माळ घातली.
माळ लांबत गेली, मी आखडत गेलो.
मग थंडी वाजून आली, आणि मिरज.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर झाड काढलं:
ही फांदी बांधायची होती,
क्लिप बसली खोडाला.
मालकांनी विचारलं, लिहून देता?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"बोलायचं ते बोललो. लिहायला लावू नका."

पहिल्या खेपेला तुम्ही म्हणाला,
वाईट झालं म्हणजे चूकच झाली, असं कुणी धरत नाही.
तुमचा राग आला होता मला.
मग वाटा सांगितल्या.
ग्राहक आयोगात भरपाई, पण दोन वर्षांच्या आत,
आणि माझा सतरावा महिना चालू.
मेडिकल कौन्सिलला अर्ज, तिथनं पैसा नाही,
झाली तर डॉक्टरवर कारवाई.
आणि पोलीस; पण आधी सिव्हिल सर्जनच्या समितीचा अहवाल,
"आणि तो अहवाल, मावशी, वाट बघायला लावतो."
मालकांना पोलीसच पाहिजे होते.
मला आयोगाचं बरं वाटलं.

संमतीच्या कागदावर माझी सही आहे.
इंग्रजी कागद, आत नेताना पुढं केलेला.
कुसुमावती आदगोंडा मगदूम, एवढं काढायला वेळ लागतो.
सिस्टर म्हणाली, नुसतं कुसुम लिहा.
तुम्ही म्हणाला, ही सही चिरायची परवानगी,
हयगय करायची नव्हे.
हे वाक्य मी हुपरीत चार घरी सांगितलं.

दवाखान्यात फाईल गहाळ होती.
तुमची नोटीस गेली, अकराव्या दिवशी सापडली.
ऑपरेशनचं टिपण अर्धं पान.
शाई बघून तुम्ही काही बोलला नाही,
नुसतं ते पान उजेडात धरलं.

आणि मागच्या खेपेला, मिरजेचं कार्ड उलटंपालटं करताना
तुमचं बोट एका ओळीवर थांबलं:
मुख्य पित्तनलिकेवर दोन क्लिपा आढळल्या, काढल्या.
लिहिलं होतं की, मॅडम!
लिहिणार नाही म्हणायच्या आधीच
माणूस लिहून बसला होता.

प्रतिज्ञापत्र वाचलं.
मी सांगितलं, गेलो होतो, झोपलो होतो.
कागदावर, गेले होते, झोपले होते.
हुपरीची बाई पुण्याची झाली.
असू दे, खोटं काही नाही त्यात.

आता हा रकमेचा रकाना तेवढा राहिला.
नळी कुशीत एक्क्याण्णव दिवस. लिहा.
बुडालेली मजुरी किलोच्या हिशेबानं काढली आहे. लिहा.
मिरजेची खोली, दुसरं ऑपरेशन, मोडलेले डाग, लिहा.
पण पुतणीच्या हळदीला
पित्ताची पिशवी पदराखाली धरून
मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो,
तर कुणीतरी म्हणालं, हिला नको लावू,
ही घरनंच लावून आली आहे,
आणि सगळ्या हसल्या,
आणि मीपण हसलो.
त्याचा आकडा कसा बसवायचा?
आणि खाली 'अक्षरी' म्हणून लिहिलंय.

पेन ठेवा जरा. चहा येऊ दे.
साडेअकराची गाडी गेली तर गेली.