हातभर जागा

बियाण्याच्या कंपनीनं स्कीम लावली होती :
एवढी पाकिटं कपाशीची, एवढी तुरीची,
की डीलर आणि डीलरची बायको
चार रात्री जहाजावर.
गजेंद्रनं पाकिटं विकली.
तिकीट दोघांचंच आहे.

दुकानात मी सध्या जात नाही,
फवाऱ्याच्या औषधांचा वास सोसत नाही.
म्हणून कागद घरी आलाय, गच्चीवर,
टाकीच्या सावलीत पसरून बसलेय मी :
कोणत्या बंदरावर उतरून काय पाहणार,
चौकटीत खूण करा, शुक्रवारपर्यंत कळवा.
समुद्र पाहिलाय एकदाच, दहावीच्या सहलीत,
बसच्या खिडकीतून, ओकारी आवरत.

डॉल्फिन दाखवणारी वेगाची बोट. नको.
दीपगृह, दोनशे बारा पायऱ्या.
खालीच बसून राहायचं तर जायचं कशाला?
पाण्यात तोंड घालून मासे बघणं.
सासूबाई म्हणाल्या, "त्यापरीस बादलीत बघ की."
मसाल्याची बाग, उघडी जीप,
'थोडा खडबडीत रस्ता'.

थोडा.
अंबडचा रस्ताही थोडाच होता.
अकरावा आठवडा, शेअर रिक्षा,
मांडीवर दुसऱ्याच्या बारशाचा डबा.
डॉक्टर सिद्दीकी तेव्हा म्हणाल्या,
रस्त्यानं होत नाही गं असं,
जे टिकणार नसतं ते टिकत नाही.
डोक्याला पटलं.
बुडाला नाही पटलं अजून,
खड्डा दिसला की आपोआप उचलतं स्वतःला.

या खेपेला त्यांनी चष्मा वर सरकवून
सगळा कागद वाचला, मागची बारीक अक्षरंसुद्धा.
जा, म्हणाल्या. पाचवा महिना बरा असतो.
जहाजाला दाखवायची चिठ्ठी दिली :
निघायच्या दिवशी एकोणीस आठवडे पुरे.
बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत,
ऊन डोक्यावर घेऊ नकोस,
आणि प्रत्येक किनाऱ्याला एकच विचार,
दवाखाना किती मिनिटांवर?

मी कंपनीच्या पोराला फोनवर
आणखी एक विचारलं,
संडास किती मिनिटांवर?
तो हसला.
जालना ते परभणी एसटीत
तो कधी दाबून बसलेला नसणार.
मग म्हणाला, मॅडम, एका ठिकाणी
जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं,
छोट्या होडीत उतरावं लागतं.
मध्ये किती जागा असते?
"हातभर. लाटेवर असतंय. खलाशी धरतात."

रात्रभर ती हातभर जागा
गादीच्या कडेला वरखाली होत राहिली.

खाली जावा ठरवायल्यात
सातव्यातलं डोहाळजेवण, नावेतलं.
थर्माकोलची नाव, वल्ह्याला झेंडू,
मागं निळी साडी ताणून लाटा.
आता खऱ्या पाण्यावर चाललीय की ही,
मग नाव कशाला, धाकटीनं विचारलं.
"असू दे," सासूबाई म्हणाल्या, "ही हलत नाही."

शेवटी एक खूण केली :
काथ्या वळणाऱ्या बायकांचं गाव,
सपाट वाट, बाक, सावली,
दवाखाना आठ मिनिटं, संडास दारातच.
होडीच्या बंदराला मी उतरणार नाही.
वरच्या कठड्याला टेकून बघीन.
"मग मीपण थांबतो," गजेंद्र म्हणाला.
म्हटलं, जा तू. मासे बघून ये,
आम्हाला सांग.

जीपच्या चौकटीत त्यानं आधीच
दोघांची खूण करून ठेवली होती, सकाळी, हौसेनं.
ती मी खोडली. परत खोडली.
पेन कागदातून पलीकडं गेलं.
त्यानं भोक पाहिलं, बोलला काहीच नाही.
तेवढ्यात खाली नळ खाकरला,
नवव्या दिवशीचं पाणी.
मी उठायला लागले तर म्हणाला, बस,
आणि दोन-दोन पायऱ्या गाळत
बादल्या लावायला गेला.