अकरा लाख

गोंडपिपरीच्या अलीकडे मी रस्ता चुकलो
आणि "मित्रांनो, हरवण्यातच मजा आहे"
असं हेल्मेट काढता काढता बोलून टाकलं.

समोर बोडी. पाळीवर एक बाई
पळसाच्या पानावर उकडलेले शिंगाडे मांडून.
"कोनासंग बोलून रायला, बाबू?"
म्हटलं, माझ्या मागे अकरा लाख माणसं आहेत.
तिनं माझ्या मागे पाहिलं.
एक बकरी होती.

मग बराच वेळ ती नुसती सोलत राहिली.
बोटं काळी, काट्यांनी चिरलेली.
"येवढ्यातून एकानं तरी पाह्यला असंल
माया दुधरामले.
मिरच्या तोडाले गेल्ता खम्ममकडं.
भाऊ माया. तीन वर्सं झाली.
फोटो नाही. हासते तवा
एक डोरा मिटते त्याचा.
इचारून पाय ना."

नेटवर्क फक्त पाळीच्या टोकाला, मोहाखाली.
तिथं उभा राहून
पारबताबाईंचा चेहरा वर सोडला.
सकाळपर्यंत दोन लाखांनी पाहिला.
लाल बदाम आले, जोडलेले हात आले,
लोकेशन टाक भावा, आलं,
ड्रोन कोणता, आलं,
एकीनं लुगड्याचं दुकान विचारलं.

मी आकडा सांगितला.
"बाप्पा!" ती म्हणाली,
"आन् खम्ममचा एकही नाही?"
शिंगाड्यांचे वीस रुपये मात्र मोजून घेतले.

पुढं लडाख झालं, मेघालय झालं,
अकराचे पंधरा झाले.
ती खाली खाली सरकत गेली;
एकदा रात्री शोधली तर
अंगठा दुखला, ती सापडली नाही.

परवा पुन्हा गेलो. हेल्मेटवर काही लावलं नव्हतं,
का ते मलाही नीट सांगता येणार नाही.
डोंग्यात एक माणूस शिंगाड्याची वेल ओढत होता.
मला बघून उगीच हसला.
एक डोळा मिटला.

अहेरीच्या यष्टीचा कंडक्टर म्हणे
सिरोंच्याच्या ड्रायव्हरला बोलला,
तो मंचेरियलच्या चहावाल्याला,
तो मिरचीच्या ट्रकवाल्याला;
मधे कोणीतरी विसरलं, मग आठवलं.
सात महिने लागले.

पारबताबाईंनी पानावर मूठभर जास्त टाकले.
"तुया त्या लोकायपैकी
कोनाचं कोनी हरपलं असंल
त सांगजो.
कंडक्टर सकारी साताले येते."