जाऊन राहिलंय

ती आली तेव्हा नळ आले होते,
म्हणून टेपवर पहिली दहा मिनिटं बादल्याच आहेत.
नाव इंगेला. उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या
कुठल्याशा बेटाची. बोलते स्वीडिशच,
पण राजधानीतले लोक तिला विचारतात,
तू नक्की कुठली?
हा प्रश्न मला पुण्यात तीनदा विचारलाय.
एकदा तर रिक्षावाल्याने.

रामबागेत आमच्या दुसऱ्या मजल्यावर
ती मराठी गोळा करायला आली होती.
पुस्तकातली नको, म्हणाली, घरातली.
मी घसा साफ केला.
बत्तीस वर्षं चुंगी नाक्यावर पावत्या फाडल्यात मी
(तिकडे जकात म्हणतात, माहीत आहे).
गूळ, सागवान, कापसाच्या गाठी,
आत काय आलं ते लिहून ठेवायची सवय.
तरी यंत्राचा लाल दिवा लागला
आणि लग्नातला कोट चढवावा
तशी मी मराठी चढवली.
"आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी" वगैरे.
काखेत घट्ट होत होती.

तेवढ्यात आतून कुमुदिनी:
"अहो, दूध उतू जाऊन राहिलंय,
आणि तुम्ही तिथे काय भाषण देऊन राहिले?"

इंगेला ताठ बसली.
पुन्हा म्हणा, म्हणाली, प्लीज, पुन्हा.
कुमुदिनी दारात, हातात सांडशी.
पुन्हा कसं म्हणू? दूध तर गेलं.

मग समजावत बसलो.
पुण्यातलं दूध उतू जातं, बाई, आणि संपतं.
इथलं जाऊन राहतं.
आम्हीही असेच, कुणाच्या तरी फौजेमागून,
हिशेबाच्या वह्या डोक्यावर घेऊन आलो,
येऊन राहिलो.
परत जायचं म्हणत होते म्हणे पहिले चार-सहाजण.
ते जाऊन राहिले.
बाकीचं, 'चालून जाईल', 'थांबून जा', 'माहीत पडलं',
माझ्याच नाक्यावरून आत आलं असणार
ज्वारीच्या पोत्यांखाली दडून.
पावती फाडलेली आठवत नाही.

तिने विचारलं, समुद्र कुठाय?
म्हणजे बेट आहे, तर पाणी?
मी तिला गॅलरीत नेलं.
खाली कुमुदिनी भाजीवाल्याशी घासाघीस करत होती,
"भैया, कल तो बीस में दी थी,"
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी.
तिथपर्यंत येतं, म्हटलं.
मुलगा संध्याकाळी घरी येतो तेव्हा
जेवेपर्यंत तरी हिंदीतच असतो.
नात तर घरभर ओलीच फिरते,
पुसायला गेलं की पळते.

ती बराच वेळ खाली बघत राहिली.
मग तिने तिच्याकडचा एक शब्द म्हणून दाखवला.
एकाच स्वराला तीन वळणं,
सियागंजच्या गल्लीसारखी,
माझी जीभ दुसऱ्या वळणावर हातगाडीला अडली.
अर्थ विचारला तर म्हणाली, काही विशेष नाही,
वडील बोट सोडताना म्हणायचे.
आता बोटीवर दुसरे लोक आहेत.
आणि सांगितलं, तिच्या बेटावर मेंढी नसतेच.
दात पडलेली असो, चार वेतांची असो,
तिला कोकरूच म्हणतात.
बाहेरून आलेले हसतात.
हसू देत, म्हणाली.

जीरावन घातलेले पोहे तिने दोनदा घेतले.
तिसऱ्यांदा कुमुदिनीने विचारलंच नाही, वाढलं.

निघता निघता फोन वाजला.
छत्रीबागेतून अक्का, वय पंच्याऐंशी, आवाज त्याहून मोठा,
शेजारच्यांनाही ऐकू जाईल असा:
"बाळ, जेवून घेतलं का रे?"

मी एकोणसत्तर.
लाल दिवा चालूच होता.
इंगेलाने मान वर केली,
हा शब्द तिला येत होता.
हसली नाही.
वहीत काहीतरी लिहिलं तिने,
बहुधा वय.