तेविसावा

पथकाला शर्ट बावीसच शिवले होते,
मी तेविसावा.
हिरामणमामांनी घरून आपला जुना पिवळा आणला,
बाह्यांना चार घड्या, तरी कोपराखाली.
"ढोल मागितलास तर घरी धाडीन," म्हणाले,
आणि हातात झांजा दिल्या.

आषाढ लागला की तालमीमागे सराव.
रद्दी पेटवून ढोलाची पानं शेकायची,
धुराचा वास गणिताच्या वहीला.
बाळू गायखेच्या बोटांवर चिकटपट्ट्या,
म्हणून मीही लावली एक,
न फुटलेल्या बोटाला.

वाकडी बारवेवरून निघालो.
मेनरोडला आवाज दुकानांच्या पाट्यांवर
आपटून माघारी यायचा,
आमचाच,
पण मिसरूड फुटलेला.

धुमाळ पॉइंटला माझा ताल गेला.
मामा ओरडले नाहीत.
चालता चालता माझ्या खांद्यावर
दोन बोटं वाजवत राहिले,
धिम् धिम् तक्, धिम् धिम् तक्,
थेट अशोकस्तंभापर्यंत.

रात्री आई ताटावर काहीतरी विचारत होती.
तिचे नुसते ओठ हलत होते.

पेपरातलं कात्रण अजून आहे माझ्याकडे.
घडीवर फाटलंय, आणि नेमकी
मामांच्या तोंडावरच घडी.
बावीस शर्ट मोजता येतात.
मी बाळूच्या ढोलाआड,
खाली फक्त पाय.
सगळ्यांचे डावे पुढे,
एकच उजवा,
अंगठा तुटलेल्या चपलेतला.

यात तू कुठे, असं मुलगी विचारते
तेव्हा मी त्या उजव्यावर बोट ठेवतो.