जिन्याने

फळ्यावर मी खडूने एवढंच लिहिलं होतं:
'लिफ्टदुरुस्तीचे पैसे जिन्याने गेले.'
खजिनदार सोवनींचं नाव नव्हतं.
खाली माझं होतं, रीतसर, फ्लॅट नंबरसकट.

नोटीस आली. 'आमचे अशील यांची समाजातील पत…'
पत. बँकेत तीस वर्षं हा शब्द
मी टक्क्यांत मोजला.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी
बागवान वकीलबाईंनी समजावलं:
नाव घ्यावं लागत नाही, ओळख पटली की पुरे.
कितीजणांनी वाचलं? दूधवाला धरून अकरा.
एकानं वाचलं तरी भागतं.
आणि उपरोधाने लिहिलं म्हणून सुटका नाही,
कलमातच तसं म्हटलंय.
'उपरोध? अहो, धनकवडीत
आम्ही भाजीसुद्धा त्यातच घेतो.'
त्या हसल्या नाहीत.
'खरं होतं का? खरं, आणि चारचौघांच्या भल्याचं.
दोन्ही लागतं.'

भलं मी शोधून काढलं असतं.
पण बिल मागायला
त्यांच्या दारापर्यंत मी गेलेच नव्हते.
फळा जवळ होता.

तो कधीच पुसला गेला. सोवनींच्या मोबाइलमध्ये मात्र
माझं अक्षर अजून आहे,
वळणदार, पुरावा म्हणून.

काल तिसऱ्या मजल्यावर भेटले,
कठडा धरून, दुधी आणि धाप सांभाळत.
'आधी तुम्ही,' म्हणाले.
सरळ म्हणाले की कसं,
माझं दार आलं तरी
ठरवता आलं नाही.